रामाजी दुर्गे यांची स्वेच्छानिवृत्ती

७ जून २०२३ रोजी रामाजी दुर्गे यांच्या बँक खात्यात दहा हजार चारशे बासष्ट रुपये जमा झाले. मे महिन्याच्या सव्वीस दिवसांची मजुरी बारा हजार दोनशे वीस. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे चौदाशे सहासष्ट, व्यवसाय कराचे दोनशे आणि कामगार विम्याचे ब्याण्णव वजा. हिशेब बिनचूक होता. ठेकेदार गुणवंतराव यांच्या कचेरीत माणसांचे काहीही होवो, वजाबाकी कधी चुकत नसे.

हा रामाजींचा शेवटचा पगार. बल्लारपूरजवळच्या एका कोल वॉशरीत, म्हणजे खाणीतला कोळसा धुऊन त्यातले दगड वेगळे काढणाऱ्या कारखान्यात, ते एकोणीस वर्षे पट्ट्यावर होते. पट्टा फिरतो, त्यावरून कोळसा जातो, दोन्ही अंगांना उभी असलेली माणसे दगड वेचतात. रामाजी आधी वेचत होते, पुढे वेचणाऱ्या टोळीचे मुकादम झाले. पट्टा एकच, शेड एकच, गुणवंतरावही तेच. पण कागदावर रामाजींची नोकरी कधी चार वर्षांच्या वर गेली नाही. गुणवंतरावांची फर्म दर चार वर्षांनी मरत असे आणि दुसऱ्याच दिवशी बायकोच्या, भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावाने पुन्हा जन्म घेत असे. पाच वर्षे भरली की ग्रॅच्युइटी द्यावी लागते, एवढेच त्या पुनर्जन्मामागचे अध्यात्म.

रामाजींना याचे फारसे वाईट वाटत नव्हते. त्यांचे वडील धानोरा तालुक्यात जंगलाच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या तुकड्यात, बांबू तोडत. पावसाळा लागला की कूप बंद, आणि मग चार महिने घरात जे असेल ते. त्या चार महिन्यांना त्यांच्या घरात काही नाव नव्हते. बेरोजगारी हा शिकलेल्या माणसांचा शब्द आहे. त्यासाठी आधी रोजगार हा आपला आहे असे वाटावे लागते. रामाजी दहावीपर्यंत शिकले, अक्षर वळणदार होते, विसापूरला दोन खोल्या बांधल्या, दर महिन्याला बँकेत पगार येऊ लागला. बांबू तोडणाऱ्याच्या पोराला आणखी काय पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते म्हणणे गुणवंतरावांना फार आवडत असे.

रामाजींना एकच शौक होता, आणि तो फुकटचा होता. वॉशरीत कायम कामगार मोजकेच. त्यांच्यातला कोणी निवृत्त झाला की गेटजवळच्या शेडमध्ये निरोपाचा समारंभ व्हायचा आणि तो उभा करण्यात रामाजींचा हात धरणारा कोणी नव्हता. शाल कोणत्या दुकानातून आणायची, हार किती जाड असावा, फ्लेक्सवर निवृत्त माणसाचा फोटो साहेबाच्या फोटोपेक्षा किती लहान छापावा, तर्री-पोहा भाषणाच्या आधी दिला तर अर्धी माणसे भाषणाला थांबत नाहीत, हे सगळे त्यांना पाठ. शेवटी फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये निवृत्त माणसाला बसवून बँडच्या मागे घरापर्यंत पोचवायचे. ठेक्यावरच्या माणसाला मात्र असला निरोप कधी मिळत नसे. त्याला एक दिवस बोलावत नसत, इतकेच. कायम कामगारांच्या अशा किती जीपी रामाजींनी सजवल्या आणि प्रत्येक जीपमागून चालत गेले. माणसाला लाचार करायला पगार कमी द्यावा लागत नाही. दुसऱ्याच्या जीपला फुले बांधायला लावले तरी पुरते.

मेच्या शेवटच्या दिवशी पाळी संपताना गुणवंतरावांचा हजेरी लिहिणारा मुनशी आला आणि म्हणाला, "रामाजीभाऊ, मशीन येऊन राह्यली पट्ट्यावर. मुकादमाची जागा नाई ठेवत म्हणते मालक. उद्यापासून नोका येऊ." कागद नाही, सही नाही. रामाजींनी हेल्मेट खुंटीला लावले आणि घरी आले.

तीन दिवसांनी टोळीतला लच्छू घरी आला. लच्छू त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, त्यांनीच कामाला लावलेला. ओट्यावर बसून तो बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिला.

"भाऊ, आमी सारे मिळून ठरवलं. तुमचाबी कार्यक्रम करू."

"माहा कशाले बाप्पा? मी काय परमानंट आहो?"

"परमानंटचे तुमी केले. तुमचा कोण करन?"

रामाजींनी दोनदा नको म्हटले. तिसऱ्यांदा नको म्हणायच्या आत त्यांनी हाराचा भाव विचारला, आणि मग सगळी सूत्रे त्यांच्याच हाती गेली. स्वतःच्या निरोपाची शाल त्यांनी स्वतः निवडली. फ्लेक्सचा मजकूर तर त्यांनी कोणाला करूच दिला नाही. 'कर्तव्यदक्ष मुकादम आयु. रामाजी दुर्गे, एकोणीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर स्वेच्छेने सेवानिवृत्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

लच्छूने कागद वाचला. "स्वेच्छेनं काऊन टाकलं, भाऊ?"

"मले अठ्ठावन्न झाले काय? चोपन्नच झाले. लोक इचारतीन ना, हा आधीच कसा रिटायर झाला."

"मंग?"

"मंग काय? स्वेच्छेनं."

अकरा जूनला, रविवारी, समारंभ झाला. प्रमुख पाहुणे होते गुणवंतराव. ज्याने काढले त्याच्याच हातून शाल घ्यावी, ही कल्पनाही रामाजींचीच. त्यांच्या मते मालक आल्याशिवाय निरोपाला शोभा येत नाही. गुणवंतरावांनी मात्र ही मागणी दोनदा सांगायला लावली. मग फ्लेक्स वाचल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की आलेल्यांना वाटले, मालकाचा जीव किती या माणसावर. ते अर्धा तास बोलले. रामाजी हा माझा उजवा हात आहे, तो स्वतःहून विश्रांती घेतो म्हणाला, मी थांब म्हटले, पण त्याचा निर्णय झाला होता, असे ते डोळे पुसत म्हणाले. त्यांच्या पुतण्याने फ्लेक्ससमोर, शालीसकट, सगळ्या बाजूंनी फोटो काढले. रामाजींनी प्रत्येक फोटोसाठी मान सरळ केली. आपल्याविरुद्धचा पुरावा इतक्या प्रसन्न चेहऱ्याने कोणी उभा करून दिल्याचे दुसरे उदाहरण त्या तालुक्यात नसेल.

जीप घरासमोर थांबली तेव्हा त्यांची बायको बायनाबाई दारात उभी होती. तिने ओवाळले, कारण वस्ती पाहत होती. माणसे गेल्यावर ती म्हणाली, "कोणाची स्वेच्छा हो हे?"

"लिहा लागते तसं."

"गेटाच्या बाहीर काढलं, अन् वाजत-गाजत घरी आणून सोडलं. नवरीले तरी माहीत राह्यते का आपल्याले काढून देऊन राह्यले."

रामाजींनी शालीची घडी घातली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी पांढरा शर्ट घालून वस्तीतल्या बुद्धविहारासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागले. कोणी विचारले, पेन्शन बसली असेल, तर म्हणायचे, "बसते ना आता." खरे तर भविष्य निर्वाह निधीचे पैसेही निघत नव्हते. ते गुणवंतरावांच्या निरनिराळ्या जन्मांतल्या निरनिराळ्या खात्यांत विखुरले होते, आणि एका जन्मात रामाजींची जन्मतारीख चुकीची लागली होती.

त्यांची मुलगी रिना ब्रह्मपुरीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वसतिगृह आणि मेस मिळून अठरा हजार रुपये ऑगस्टअखेर भरायचे होते. शिष्यवृत्ती होती, पण ती वर्ष संपता संपता येते. पोरींनी वर्षभर जेवायचे नसते असा हिशेब करणाऱ्याने तो हिशेब केलेला आहे. रिनाचा जुलैमध्ये फोन आला.

"बाबा, तुमचा विमा कापत होते ना? त्याच्यात काम गेल्यावर भत्ता भेटते. माझ्या रूममेटच्या भावाले भेटला."

"मी रिटायर झालो ना, बाई."

रिना म्हणाली, "बाबा, माझ्यासंग तरी असं नोका बोलू."

रामाजींनी फोन बायकोकडे दिला. पण रात्री त्यांनी कागदावर मांडणी केली. रोजची मजुरी चारशे सत्तर, तिच्या निम्मे दोनशे पस्तीस, नव्वद दिवस. एकवीस हजार एकशे पन्नास. अठरा हजार भरून वर तीन हजार एकशे पन्नास उरत होते.

योजना खरी होती. काम गेलेल्या विमाधारकाला निम्मी मजुरी, जास्तीत जास्त तीन महिने, आणि आयुष्यात एकदाच. आयुष्यात एकदाच ही अट ज्याने घातली त्याची नोकरी बहुधा निवृत्तीपर्यंत पक्की असावी. काम जाणे म्हणजे गोवर, एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, असे त्याला वाटले असावे. दुसरी अट अशी की काम स्वतःहून सोडलेले नसावे. ही अट बहुतेक देशांत आहे आणि ती ऐकायला वाजवीही वाटते. पण अट घालणे सोपे. ती कोणाच्या तोंडून सिद्ध करायची, हे ठरवताना देशाची अक्कल दिसते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मालक जितकी माणसे काढतो तितका त्याचा विम्याचा हप्ता वाढतो, म्हणून माणूस आपण होऊन गेला असे सांगत मालक भांडतो. निदान त्याचा स्वार्थ सगळ्यांना माहीत तरी असतो. डेन्मार्कात कामगार स्वतः बेरोजगारीच्या निधीचा सभासद होतो, वर्गणी भरतो, आणि त्याने काम सोडले की त्याला काढले हे तो निधीच ठरवतो. आपल्याकडे माणूस काढल्याने ठेकेदाराचा हप्ता एक पैसाही वाढत नाही. तरीही गुणवंतरावांसारखे लोक माणूस काढला असे कधी लिहून देत नाहीत, कारण काढला म्हटले की दुसऱ्या कायद्याखाली भरपाई अंगावर येते. एका कायद्याने दिलेला भत्ता दुसऱ्या कायद्याने दिलेल्या भरपाईच्या पायात अडकतो, आणि दोन्ही कायदे करणारे आपापल्या जागी कृतकृत्य असतात.

रामाजींनी अर्ज केला. विमा कार्यालयात साधना नावाच्या अधिकारी होत्या, तिशीतल्या, नागपूरकडच्या, कामाला चोख. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली, आणि मालकाकडे विचारणा पाठवली. आठवड्याभरात गुणवंतरावांचे उत्तर आले. एरवी कुठल्याही सरकारी पत्राला उत्तर द्यायला त्यांना वर्ष लागायचे. साधनाबाईंनी रामाजींना बोलावून टेबलावर चार रंगीत फोटो मांडले. शाल, हार, मालकाचा हात, आणि मागे हातभर अक्षरात स्वेच्छेने.

"काका, हे काय आहे?"

"कार्यक्रम होता, मॅडम."

"हा मजकूर कोणी लिहिला?"

रामाजींनी फोटोकडे पाहिले. "लिहिणारे लिहितात."

"तुम्हाला काढलं की तुम्ही सोडलं?"

त्यांनी हे विचारले तेव्हा मागच्या बाकावर विसापूरचा एक रिक्षावाला बसला होता. रामाजी म्हणाले, "आता काय सांगाव, मॅडम. वय झालं."

साधनाबाईंनी पेन खाली ठेवले. "काका, मी तुमच्या बाजूने आहे असं समजा. पण माझ्यासमोर फोटो आहे, मालकाचं पत्र आहे. तुमच्या बाजूने काहीतरी लागेल. तुमच्या टोळीतल्या दोघांनी लिहून दिलं की तुम्हाला काढलं, तर पुरे. तेही नसेल तर मी वस्तीत येऊन चौकशी करते. शेजाऱ्यांनी सांगितलं तरी चालेल."

टोळीतले दोघे म्हणजे आधी लच्छू. रामाजी संध्याकाळी त्याच्याकडे गेले. लच्छूने ऐकून घेतले, बिडी विझवली.

"भाऊ, मी सही देतो. पण मंग मलेबी उद्यापासून येऊ नोको म्हणतीन. मंग मीबी भत्ता मागाले जाईन. अन् माह्याकरता सही कोण देईन?"

"तू त म्हणत होता, सारे मिळून ठरवलं."

"कार्यक्रमाचं ठरवलं होतं, भाऊ. सहीचं नाई."

उरले शेजारी. त्यांच्याकडून खरे वदवायचे तर आधी त्यांना खरे सांगायला हवे होते, आणि रामाजींना तेच जमेना. सकाळी कट्ट्यावर बसायचे, आज सांगू म्हणायचे, आणि कोणी नमस्कार करून जय भीम भाऊ, आता आराम हाय, म्हटले की, हाय ना, म्हणून घरी यायचे. ऑगस्ट संपला. रिनाच्या वसतिगृहाने दंड लावून पंधरा दिवसांची मुदत दिली. रामाजींनी तिला सांगितले की मॅडम येऊन राह्यल्या, होऊन जाते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात साधनाबाई स्कूटरवर आल्या. विहारासमोरच्या कट्ट्यावर त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. बायका जमल्या, दोनचार म्हातारे जमले. रामाजी पांढरा शर्ट घालून बाजूला उभे राहिले. बायनाबाई घरातच थांबली.

साधनाबाईंनी विचारले, "रामाजी दुर्गे यांचं काम कसं सुटलं, कोणी सांगू शकेल का?"

शेजारची कमला पुढे झाली. चार घरे सोडून राहणारी, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. "सुटलं नाई, मॅडम. रिटायर झाले भाऊ. मोठा कार्यक्रम झाला. मालकानं सोता शाल टाकली अंगावर."

"त्यांना कामावरून काढलं असं तुम्ही ऐकलं आहे का?"

"भाऊले कोण काढन? त्याहीच्या भरवशावर पट्टा चालत होता."

एक म्हातारा म्हणाला, "पेन्शन हाय त्याहीले. इज्जतीनं आले घरी."

साधनाबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे ते बेरोजगार नाहीत?"

कमलाला हे लागले. "बेरोजगार म्हणजे ते पाहा, पुलाजवळ मोबाइल घेऊन बसतात ते पोट्टे. भाऊ काऊन बेरोजगार राह्यतीन?"

एकेक साक्ष रामाजींच्या इज्जतीचे कौतुक करत होती आणि एकवीस हजार एकशे पन्नासांतून वजा होत होती. त्यांनी पाहिले, साधनाबाई लिहीत आहेत. रामाजींच्या डोळ्यांपुढे रिनाचा चेहरा आला की वसतिगृहाच्या दंडाचा आकडा, ते त्यांनाही सांगता आले नसते. ते एक पाऊल पुढे आले.

"मॅडम, मले काढलं."

साधनाबाईंचे पेन थांबले तरी रामाजी बोलत राहिले.

"मुनशी आला अन् म्हणे उद्यापासून नोका येऊ. तो कार्यक्रम म्याच करून घेतला. ते स्वेच्छेनं म्याच लिहिलं. पेन्शन-गिन्शन काई नाई मले."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी हे मोठ्या आवाजात सांगितले होते. आता कोणीतरी हो म्हणेल, अशा अपेक्षेने त्यांनी कमलाकडे पाहिले. कमला लगेच साधनाबाईंकडे वळली.

"मॅडम, मनाले लावून घेतलं त्याहीनं. रिटायर झाल्यावर माणसाले असं होते. घरी बसवत नाई ना."

"हो," म्हातारा म्हणाला, "माह्या भावालेबी झालं होतं. बोलत राह्यते माणूस काईच्या काई."

"त्याहीचं नोका लिहू, मॅडम," दुसरी एक बाई म्हणाली. "पोरीचा बाप हाय, उद्या सोयरीक यीन."

सगळी वस्ती जीव तोडून रामाजींची अब्रू वाचवत होती. रामाजी पुन्हा काही बोलू लागले की दोघेजण त्यांना खाली बसवत होते, पाणी देत होते. साधनाबाईंनी पाच जणांची जबानी घेतली. पाचही एकसारख्या होत्या. कार्यालयाच्या दृष्टीने एकसारख्या जबान्या म्हणजे सत्य. उलट अर्जदाराचे म्हणणे मालकाशी, फोटोशी आणि स्वतःच्या आधीच्या बोलण्याशी जुळत नव्हते. त्यांनी रामाजींकडे एकदा पाहिले, काही म्हणावे असे त्यांना वाटलेही असेल. पण नियमात वाटण्याला रकाना नाही.

रात्री बायनाबाईने ताट वाढले. रामाजी भिंतीला टेकून बसले होते.

"इतक्या लोकाईतून एकालेबी खरं नाई वाटलं," ते म्हणाले.

"खरं काऊन नाई वाटन? साऱ्याईले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"तुमाले काढलं ते. जूनच्या बचत गटाच्या मिटिंगीत म्याच सांगतलं. कमलीले, साऱ्याईले."

रामाजींनी घास खाली ठेवला. "मंग आज काऊन नाई बोलले?"

"तुमच्या तोंडापुढं? परक्या बाईपुढं? तुमी तीन महिने पांढरा शर्ट घालून कट्ट्यावर बसता, तुमाले कोण म्हणन का तुमाले काढलं? कमली घरून निंगतानी म्हणे, भाऊची इज्जत जाऊ देत नाई आज. जेवा आता."

"तुले त माहीत होतं का ते असंच बोलतीन."

"मले काय माहीत तुमी खरं बोलान म्हणून? तीन महिन्यांत बोलले नाई."

ही चौकशीची पद्धत कुठल्यातरी थंड खोलीत बसून आखली गेली असणार. आखणाऱ्याला वाटले, शेजारी खोटे बोलतील ते अर्जदाराला पैसे मिळवून देण्यासाठी. त्या एका लबाडीविरुद्ध त्याने सगळी तटबंदी केली. शेजारी खोटे बोलतील ते अर्जदाराची मान ताठ राहावी म्हणून, आणि त्या पायी त्याचे पैसे बुडवतील, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. गरिबाला अब्रू असते हे गृहीत धरून एकही योजना आजवर आखली गेलेली नाही. गरीब फसवेल एवढेच गृहीत धरलेले असते.

ऑक्टोबरमध्ये पत्र आले. कामगाराने स्वेच्छेने सेवा सोडल्याचे उपलब्ध पुराव्यावरून व शेजाऱ्यांच्या जबानीवरून दिसून येत असल्याने दावा अमान्य; नव्वद दिवसांत अपील करता येईल. दर महिन्याला विम्याचे पैसे कापताना रामाजींची स्वेच्छा कोणी विचारली नव्हती.

रिनाचे अठरा हजार मात्र त्याआधीच भरले गेले होते. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी बायनाबाईने गटाची बैठक बोलावली. बारा बायका, एक सतरंजी. कमलाने विचारले, किती पायजे? अठरा. परत कधी? महिन्याले दीड हजार अन् व्याज. मग दुसरा विषय निघाला. रामाजींचे काम स्वेच्छेने गेले की कसे, हे कोणी विचारले नाही. त्या बायकांना ते माहीत होते. आणि कार्यालयापुढे खोटे बोललो त्याची भरपाई आपण करतो आहोत, असेही कोणाला वाटले नाही. त्यांच्या लेखी ती दोन वेगळी कामे होती, आणि दोन्ही त्यांनी नीट केली होती.

दीड हजार देणे आले तसा पांढरा शर्ट पेटीत गेला. रामाजी धान कापणीला ब्रह्मपुरीकडे जाऊन आले, महिनाभर एका घराच्या बांधकामावर रेती चाळली. साधनाबाईंचा एकदा फोन आला. अपील करा म्हणाल्या, जबान्यांबद्दल मी माझ्या टिपणात लिहिले आहे, वरचे साहेब पाहतील. रामाजींनी कागद जमवायला सुरुवातही केली. या वेळी कमला स्वतः म्हणाली, "भाऊ, तुमी सांगा, मी खरं सांगतो मंग." नागपूरला जाऊन सांगते, म्हणाली. इथे नाही, नागपूरला. तिथे ओळखीचे कोणी नसते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लच्छू आला. पट्ट्यावरची मशीन दगड आणि कोळसा दोन्ही एकत्रच बाहेर टाकत होती आणि माणसे पुन्हा लागत होती. फर्म आता गुणवंतरावांच्या सुनेच्या नावे होती. मुकादमाची जागा जी ठेवायची नव्हती ती ठेवली होती, कमी पैशांत, आणि तिच्यावर लच्छू होता. हे सांगताना तो पुन्हा चहाच्या कपाकडे पाहत होता.

"भाऊ, तुमचं नाव म्याच घेतलं मालकासमोर."

"वेचाले?"

"वेचाले."

कचेरीत गुणवंतराव स्वतः भेटले. खुर्ची दिली, बायनाबाईची, रिनाची चौकशी केली. मग कागद पुढे केला. पूर्वीच्या कुठल्याही फर्मविरुद्ध किंवा कुठल्याही कार्यालयात माझा कसलाही दावा किंवा अपील नाही, असे त्यात होते. "नवीन कामगारांकडून घेतो आपण," ते म्हणाले. "जबरदस्ती नाही, रामाजी. तुझ्या मनाने कर."

रामाजींनी कागद दोनदा वाचला. अपिलाची मुदत संपायला अजून काही दिवस होते. कमला नागपूरला यायला तयार होती, टिपण वर गेले होते. कदाचित एकवीस हजार एकशे पन्नास आलेही असते, पाचसहा महिन्यांनी, वर्षाने. गटाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या दहा तारखेला होता. त्यांनी वळणदार अक्षरात सही केली. स्वतःची इच्छा नेमकी कुठे सुरू होते, हे ठरवण्याइतकी शिल्लक ज्याच्याकडे नसते, त्याच्याकडून सही घेणे फार सोपे असते. गुणवंतरावांना हे कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाइतके समजते, आणि त्याचा उपयोग करायला ते अर्थशास्त्रज्ञासारखे वेळ लावत नाहीत.

नव्या फर्ममध्ये रामाजी दुर्गे हे नवीन कामगार आहेत, पूर्वीचा अनुभव निरंक. ते पट्ट्याच्या डाव्या अंगाला उभे राहून दगड वेचतात. लच्छू त्यांना अजून भाऊ म्हणतो आणि त्यांच्यापुढचा ढीग आधी तपासतो. वॉशरीत जानेवारीपासून सुरक्षा बूट सक्तीचे झाले आहेत. बुटांची किंमत साडेसहाशे, ती फर्मने उचल म्हणून दिली. फेब्रुवारीच्या पगारातून तीनशे कापले. तीनशे पन्नास रुपये अजून देणे आहे.